अक्रोड न उचलणारा एलवुड

एलवुड फेन्स्टरमाकरला आयुष्यात काही जमलं नाही, यावर आमच्या हॉफर्स मिल या गावात सगळ्यांचं एकमत आहे. ज्या गावात चर्चच्या दाराला कुठला रंग द्यायचा यावर अकरा वर्षं वाद चालला, तिथे एकमत ही मोठी गोष्ट झाली. अडतीस वर्षं तो प्रेट्झेलच्या, म्हणजे खारट बिस्किटांच्या, बेकरीत भट्टीसमोर उभा राहिला. तीनदा त्याला मुकादम करायला निघाले आणि तीनदा त्याने नको म्हटलं, कारण मुकादमाला माणसं कामावरून काढावी लागतात आणि तीच माणसं रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावर बसतात. बेकरी बंद पडल्यावर तो शाळेची बस चालवायला लागला. बायको व्हर्ना देवाघरी गेली, मुलगी लग्न करून ओहायोला गेली, हा होता तिथेच राहिला. मी आर्लीन. पहिलीपासून त्याच्या वर्गात होते, पुढे पस्तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं. त्यामुळे त्याला कुणाची पत्रं येतात आणि कुणाची येत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. त्याच्या भावाची येत नसत.

भाऊ ड्वाइट, दोन वर्षांनी धाकटा. तो मात्र यशस्वी. इतका यशस्वी, की यश हाच त्याचा धंदा झाला. तो ॲरिझोनात राहतो आणि देशभरातल्या हॉटेलांच्या मोठमोठ्या दालनांत उभा राहून लोकांना सांगतो, की तुम्ही मागे का पडलात. लोक पैसे भरून हे ऐकायला जातात. सकाळी मागे पडल्याचं कळतं, दुपारी पुढे जायचा वर्ग असतो, त्याचे वेगळे पैसे. त्याच्या वर्गाचं नाव आहे ‘आधी उडी’, आणि हे सगळं दुकान ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती गोष्ट आमच्या गावात, त्यांच्या आजोबांच्या स्वयंपाकघरात घडली. मी तिथे होते.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे घरोघर बेल्सनिकल येतो. अंगात केसाळ कातडी कोट, तोंडावर गोणपाटाचा मुखवटा, एका हातात थैली, दुसऱ्यात हेझलच्या झुडपाची ओली छडी. तो आला की आधी एकेकाला त्याचं नाव आणि वर्षभराच्या खोड्या विचारतो. मग थैलीतले अक्रोड आणि गोळ्या जमिनीवर उधळतो. आता खरी परीक्षा. त्याने मान हलवेपर्यंत खाली वाकायचं नाही. जो हावरटपणे झेप घेतो, त्याच्या बोटांवर छडी बसते.

त्या वर्षी बेल्सनिकल म्हणजे त्यांचे आजोबाच होते. एलवुड नऊ वर्षांचा, ड्वाइट सातचा. अक्रोड जमिनीवर पडले मात्र, ड्वाइटने अंग झोकून दिलं. छडी बसली. तो बोंबलला, पण मूठ उघडली नाही. एलवुड हात मागे बांधून उभा राहिला, मान हलल्यावर एक अक्रोड उचलला, आणि तोही मला दिला, कारण माझ्या वाट्याचा चुलीखाली गेला होता. तेव्हा सगळे म्हणाले, एलवुड किती गुणी. साठ वर्षांनंतर तेच लोक म्हणतात, बघा, तेव्हाच दिसत होतं याचं काही व्हायचं नाही. ड्वाइट मंचावर हात वर करून बोटांवरचा वण दाखवतो आणि म्हणतो, छडीला घाबरणारे गरीब राहतात. तो वण छडीचा नाही. आमच्या मागच्या टेकडीवरून घसरगाडीवर बसून तो कुंपणाच्या तारेत शिरला होता, त्याचा आहे. पण कुंपणाच्या तारेतून कुणाला धडा मिळत नाही.

आजोबांच्या मागे तो कोट एलवुडकडे आला. एकतीस वर्षं तो बेल्सनिकल होतोय. नोव्हेंबरपासून आया त्याच्या बसमध्ये पोरांच्या खोड्यांच्या चिठ्ठ्या सरकवतात, आणि डिसेंबरात मुखवट्यामागून खर्जातला आवाज विचारतो, की पियानोत कलेजीचे तुकडे कुणी लपवले. पोरांचे डोळे पांढरे होतात. बसमध्ये याच माणसाच्या टोपीत ती चिंगम चिकटवतात, पण मुखवट्याशी खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. छडी तो अशी मारतो, की माशीसुद्धा नीट उडणार नाही. मुखवटा घातलेल्याने विचारलं, की खरं सांगायचं, एवढा एकच नियम आमच्याकडे अजून टिकून आहे. बाकीचे नियम आम्ही दाराच्या रंगासाठी ठेवलेत.

एलवुडला आयुष्यात काही मिळवायचंच नव्हतं असं नाही. त्याला एक गोष्ट हवी होती. त्यांची आई एडना, वय त्र्याण्णव, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते. माझी नणंद त्याच खोलीत शेजारच्या खाटेवर आहे, म्हणून मी हे रोज बघते. संध्याकाळी पाचला एलवुड येतो, आईला सफरचंदाचा गर भरवतो, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून ती तोंड उघडत नाही. तिसऱ्या चमच्याला ती विचारते, “ड्वाइट येणार आहे का?” एलवुड म्हणतो, येईल. चार वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. एकदा मी त्याला म्हटलं, अरे, एकदा तरी नाही म्हणून टाक, तिची वाट बघणं तरी संपेल. तो म्हणाला, “आर्लीन, वाट बघते म्हणून तर जेवते.”  आईच्या डोळ्यांदेखत धाकटा एकदा दारात उभा राहावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

गेल्या नोव्हेंबरात ड्वाइटचा फोन आला. मी काकवीचा केक घेऊन एलवुडकडे गेले होते. भट्टीच्या पंख्यांनी त्याचे कान गेलेत, त्यामुळे त्याचा फोन अख्ख्या स्वयंपाकघराला ऐकू जातो. ड्वाइटला नाताळचा कार्यक्रम आमच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये करायचा होता. जिथे पहिली उडी मारली, त्याच मातीत. त्याचं चित्रीकरण होणार, आणि त्याबदल्यात दलाला नवी रुग्णवाहिका मिळणार. आमची जुनी रुग्णवाहिका चढावर बंद पडते आणि आमचं गाव सगळं चढावरच आहे, तेव्हा दलाने आधीच होकार दिला होता. आता फक्त बेल्सनिकल हवा होता, तोही खरा, कातडी कोटातला.

“एलवुड, तुला कळतंय का, तू एक ब्रँड आहेस,” ड्वाइट म्हणाला.

“मी बस चालवतो,” एलवुड म्हणाला.

मग ड्वाइटने बारीकसारीक सांगितलं. छडी नको, हल्ली लोक कोर्टात जातात. आणि मुलांनी थांबायचं नाही. अक्रोड पडले की उड्या मारायच्या, जो पहिला पोहोचेल त्याला मंचावर बोलावून बक्षीस. म्हणजे बेल्सनिकल तोच, फक्त उलटा. मला वाटलं एलवुड आता तरी चिडेल. तो केकचा तुकडा ताटलीत फिरवत राहिला, आणि मग म्हणाला, “येतो मी. पण तू आधी आईकडे जायचं.”

“अरे, जाणारच ना.”

“कार्यक्रमाच्या आधी.”

“आधी म्हणजे आधी. झालं समाधान?”

एलवुडचं समाधान झालं. त्याने दुसऱ्या दिवशी आईसाठी निळा स्वेटर आणला आणि वृद्धाश्रमातल्या बाईंना कार्यक्रमाच्या शनिवारी तिचे केस विंचरून ठेवायला सांगितलं. मी त्याला म्हटलं, तू आजोबांचा बेल्सनिकल एका भेटीसाठी विकलास. तो म्हणाला, हो. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

नाताळच्या आधीच्या शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला. मी मागच्या स्वयंपाकघरात चिकन आणि मक्याच्या सुपाच्या पातेल्याशी होते. कोट हातावर टाकून एलवुड तिथेच उभा होता. ड्वाइट आला, दात चमकवत, मागे दोन कॅमेरेवाले. एलवुडने विचारलं, आईकडे जाऊन आलास ना. ड्वाइटने त्याच्या पाठीवर थाप मारली. विमान उशिरा आलं, मग प्रकाश जायच्या आत आजोबांच्या घराबाहेर चित्रीकरण करायचं होतं, उद्या सकाळी नक्की. शिवाय आईला आता दिवस-वार कुठे कळतात. एवढं बोलून तो सुपाचा वास घेऊन गेला.

टेकडीवर निळा स्वेटर घालून एक बाई सकाळपासून खुर्चीत बसली होती.  मागचं दार उघडून एलवुड बाहेर गेला. हॉलमागे हेझलची झुडपं आहेत. परत आला तेव्हा कोटाच्या बाहीत काहीतरी होतं. मी सूप ढवळत राहिले.

मंचावर ड्वाइटने नाताळचा इतिहास सांगायला घेतला. प्रत्येक प्रथेत म्हणे यशाचा एक मंत्र दडलेला आहे. संत निकोलसने खिडकीतून सोन्याची थैली टाकली, ती कुणाच्या मोज्यात पडली? ज्यांनी मोजे टांगून ठेवले होते, त्यांच्या. तयारीत राहा. लोकांनी वह्यांत लिहून घेतलं. आमच्या रविवारच्या शाळेत ही गोष्ट वेगळी होती. तीन मुलींच्या बापाकडे त्यांच्या लग्नाला काही नव्हतं, मोजे धुऊन वाळत घातले होते, आणि निकोलसने थैली चोरून टाकली कारण देणारा कोण हे कुणाला कळायला नको होतं. बापाने त्याला पकडलं तेव्हा त्याने शपथ घातली, की कुणाला सांगू नकोस. आणि या चोरून देणाऱ्याची गोष्ट ड्वाइट माईकवरून सांगत होता, मागे रुग्णवाहिकेचं मोठं चित्र आणि त्यावर त्याचं नाव.

मग बाळ येशूला शोधत निघालेल्या तीन ज्ञानी पुरुषांची गोष्ट. ते ताऱ्यावर नजर ठेवून चालले, म्हणून पोहोचले. ध्येय ठेवा. ते आधी चुकून राजवाड्यात गेले, तिथे नवा राजा जन्मल्याचं राजालाच सांगून बसले, आणि त्यापायी गावातल्या तान्ह्या पोरांचा जीव गेला, हे यशाच्या वर्गात बसत नसावं. मग नाताळचं झाड. आपल्या जर्मन पूर्वजांनी जंगलातलं झाड दिवाणखान्यात आणलं, कारण त्यांनी जगापेक्षा वेगळा विचार केला. माझी आजी सांगायची, की चोवीस डिसेंबर हा जुन्या लोकांत आदम आणि हव्वेचा दिवस, त्यांच्या बागेतलं झाड म्हणून हे झाड, आणि म्हणून त्याला लाल सफरचंदं टांगायची. हव्वेने त्यातलं एक पटकन उचललं. पुढे काय झालं ते ड्वाइटने सांगितलं नाही. पहिल्या रांगेत आमच्या चर्चच्या पास्टरबाई सुपाच्या वाटीत तोंड घालून बसल्या होत्या.

शेवटी बेल्सनिकल आला. दारावर थाप पडली, पोरं भिंतीला चिकटली. एलवुडने मधोमध येऊन थैली उलटी केली. अक्रोड आणि गोळ्या लाकडी जमिनीवर खडखडत पसरल्या.

“चला,” ड्वाइट माईकवरून ओरडला, “पहिली उडी कुणाची?”

कुणाचीच नाही. चाळीसेक पोरं हात मागे बांधून उभी. ड्वाइटने पुन्हा हाक दिली, मंचावर नवी सायकल आहे म्हणून सांगितलं. एका मुलाने सायकलकडे बघितलं, बेल्सनिकलकडे बघितलं, आणि हात आणखी घट्ट धरले. एकतीस वर्षांत या पोरांच्या आयांनाही एलवुडनेच उभं राहायला शिकवलं होतं. कॅमेरे चालू होते. ड्वाइट हसत खाली उतरला आणि म्हणाला, ठीक आहे, कशी मारायची ते मीच दाखवतो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, पण वाकला झटकन. बाहीतून छडी निघाली आणि त्याच्या बोटांवर बसली.

हॉल हसला. ड्वाइटही हसला, त्याला वाटलं भाऊ खेळात सामील झाला.

“नाव?” मुखवट्यामागून आवाज आला.

“ड्वाइट फेन्स्टरमाकर.”

“यंदा चांगला वागलास?”

“यंदा वर्गांची संख्या दुप्पट झाली,” ड्वाइट म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले.

“ते नाही विचारलं. आईला कधी भेटलास?”

आता कुणी हसलं नाही. ड्वाइट उठायला गेला, पण छडी त्याच्या समोर आडवी होती. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं. “उद्या सकाळी जातोय,” तो म्हणाला.

“कधी भेटलास?”

हा ओट्यावरचा, फोनवरचा किंवा सुपाच्या पातेल्याजवळचा एलवुड असता, तर ड्वाइटने त्याच्या पाठीवर थाप मारली असती. पण तोसुद्धा याच गावात वाढलेला. मुखवट्याशी खोटं बोलायची त्याचीही छाती झाली नाही. “चार वर्षं झाली,” तो म्हणाला. कॉलरला लावलेला माईक चालू होता, त्यामुळे ते भिंतींवरून घुमून दोनदा ऐकू आलं.

बेल्सनिकलने त्याच्या हातात एक अक्रोड ठेवला. खरं बोलणाऱ्याला तो देतोच. मग त्याने मान हलवली, आणि पोरांनी ओळीने येऊन आपापला खाऊ उचलला.

त्या चित्रणाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाला उगाच आशा वाटायला नको. ते लाखो लोकांनी पाहिलं. ड्वाइटने वसंतात नवा वर्ग काढला, ‘स्वतःला जाब विचारा’. त्यात आलेल्या प्रत्येकाला एक अक्रोड आणि एक छडी मिळते, छडी प्लॅस्टिकची. वर्ग आधीच्यापेक्षा जास्त चालतो. रुग्णवाहिका आली, चढावर चढते, आणि गावाचं आता असं म्हणणं आहे, की एलवुडच्या हातून एकदा तरी काहीतरी मोठं झालं, तेही भावामुळे.

पण ड्वाइट दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच वृद्धाश्रमात आला. त्याचं जे आहे ते त्याला दिलं पाहिजे. कॅमेरेवाले त्याने खाली गाडीत बसवून ठेवले होते. मी चर्चमधून थेट नणंदेकडे आले होते. तो दारात उभा राहिला, नवा कोट, हातात फुलं. एडनाने मान वर करून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

“एलवुड,” ती म्हणाली, “आज सकाळीच?”

“आई, मी ड्वाइट.”

ती हसली. “पुरे थट्टा. ड्वाइट मोठा माणूस आहे, त्याला कुठला वेळ.”

त्याने पुन्हा सांगितलं, जवळ वाकून, मोठ्याने. तिने त्याच्या गालावर हात फिरवला आणि म्हणाली, तू भावावर राग धरू नकोस हं, त्याला फार कामं असतात. मग ती तोंड उघडून बसली. ड्वाइटला काय करावं कळेना. मी त्याला सफरचंदाच्या गराची वाटी दाखवली. त्याने भरवायला घेतलं. चमचा फार भरून घेत होता, निम्मं निळ्या स्वेटरवर सांडलं. खिशातला फोन तीनदा घुरघुरला. दर वेळी त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं, बघायचं नव्हतं तरी बघितलं. वीस मिनिटांनी तो उठला.

बाहेर व्हरांड्यात त्याचे डोळे भरलेले होते. ते मी खरे मानते. मला म्हणाला, “तिने मला ओळखलं नाही, आर्लीन.”

“रोज येणाऱ्या मुलाला ती बरोब्बर ओळखते,” मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, रविवार होता. पण मला राग आला होता आणि अजून आहे.

संध्याकाळी पाचला एलवुड आला. मी मुद्दाम थांबले होते, मला त्याचं तोंड बघायचं होतं. त्याला खाली ऑफिसात कळलंच होतं, की भाऊ येऊन गेला. इतका खूश तो मला व्हर्नाशी लग्न झालं तेव्हा दिसला होता, त्यानंतर त्या दिवशीच. त्याने खुर्ची ओढली, वाटी घेतली आणि वाट बघत बसला, तिसऱ्या चमच्यापर्यंत.

“ड्वाइट येणार आहे का?” आईने विचारलं.

“आला होता की, आई. आज सकाळी.”

“सकाळी तू आला होतास,” एडना म्हणाली. “आणि घाईत होतास. सारखं घड्याळ बघत होतास. माझ्या अंगावर सांडलंस. एलवुड, तू कधी असा नव्हतास रे.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चार वर्षांत ते मी पहिल्यांदा बघितलं. एलवुडने माझ्याकडे पाहिलं. काय झालं असेल ते त्याला कळलं, हे मला दिसलं. मी खाटेवरून उठलेच, आता सरळ सांगायचं म्हणून, की बाई, तो हा नव्हता, हा कधी असा वागला नाही. एलवुडने मान हलवली. नको.

“चुकलं, आई,” तो म्हणाला. “पुन्हा नाही असं करणार.”

तिने थोडा वेळ त्याच्याकडे रोखून बघितलं, आणि मग चौथ्या चमच्यासाठी तोंड उघडलं.